‘संत तुकाराम’ आणि जिजाईचे गाऱ्हाणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र पोचले. घरच्या ख्यालीखुशालीचे सविस्तर मागाहून लिहीन. आधी तुझ्या पत्रातील एका वाक्याचा समाचार घेणे मला भाग आहे. जुने चित्रपट आपण केवळ आदरापोटी पाहतो, त्यात आनंद असा काही उरलेला नसतो, असे तू लिहिले आहेस आणि दाखला देताना नेमका प्रभातचा ‘संत तुकाराम’ पुढे केला आहेस. गेल्या आठवड्यात मी तो पुन्हा एकदा सलग पाहिला. तुझे विधान कितीतरी जुन्या चित्रपटांना तंतोतंत लागू पडते हे मला मान्य आहे. नाटकी हातवारे, पल्लेदार संवाद आणि दर पाच मिनिटांनी कथेला थांबवून उभे राहणारे पद, असा तो मामला असतो आणि आपण इतिहासाचे विद्यार्थी असल्यासारखे ते सोसत बसतो. परंतु या चित्रपटाला त्या रांगेत उभे करणे हा सरळसरळ अन्याय आहे.

हा चित्रपट १९३६ सालचा. आपल्याकडे चित्रपट बोलू लागून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दोघेही कोल्हापुरात, मूकपटांचे जुने दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली घडलेले. १९२९ साली कोल्हापुरात ज्या पाच जणांनी प्रभात फिल्म कंपनी उभी केली त्यांत हे दोघे होते. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली आणि ज्या आवारात हा चित्रपट तयार झाला तेथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. दामल्यांचे मुख्य अंग ध्वनिमुद्रणाचे आणि फत्तेलालांचे कलादिग्दर्शनाचे. शब्दांवर पोसलेली ही माणसे नव्हेत, आणि माझ्या मते चित्रपटाच्या टवटवीतपणाचे अर्धे रहस्य येथेच आहे. शिवराम वाशीकरांनी कथा-संवाद लिहिले, पण दिग्दर्शकांनी त्या संवादांचे व्याख्यान होऊ दिले नाही. देहूचे घर, अंगण, नदीकाठ, शेत हे सारे त्यांनी अशा हाताने उभे केले आहे की तेथली माणसे कामात असतात आणि काम करता करता बोलतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तू हा ‘संतपट’ म्हणून पाहिलास, आणि म्हणून तुझी नजर साहजिकच तुकोबांवर खिळून राहिली. माझे म्हणणे असे आहे की या चित्रपटाचा कणा तुकोबांची बायको जिजाई आहे. तुकोबा तर आरंभापासूनच पोचलेले आहेत. त्यांच्या मनात शंका नाही, झगडा नाही, त्यांना कोठे जायचे ते त्यांना ठाऊक आहे. झगडा आहे तो घरात. ज्या घरात पीठ नाही, मुले भुकेली आहेत आणि नवरा मिळेल ते दुसऱ्याला वाटून रिकाम्या हाताने परततो, त्या घराची चूल पेटती ठेवण्याचे काम जिच्यावर येऊन पडले आहे, ती बाई देवाविषयी काय बोलेल? चित्रपट तिला मनसोक्त बोलू देतो. आजारी मुलाच्या काळजीने बेभान झालेली जिजाई पायातील वहाण हातात घेऊन थेट देवळात शिरते आणि विठ्ठलाला जाब विचारते, तो प्रसंग आठव. १९३६ साली, भाविक प्रेक्षकांनी गच्च भरलेल्या थिएटरात, देवापुढे वहाण उगारणारी स्त्री दाखवली गेली आणि त्याच प्रेक्षकांनी तो चित्रपट मुंबईच्या सेंट्रल थिएटरात वर्षभराहून अधिक काळ चालवला. असे का झाले असेल? मला वाटते, त्या थिएटरातील प्रत्येक बाईला ती वहाण कोणासाठी आणि कशासाठी उगारली आहे ते कळत होते. त्यात नास्तिकपणाचा लवलेश नाही. विठ्ठल आपल्या घरातलाच एक बेजबाबदार माणूस आहे, अशा हक्काने ती त्याच्याशी भांडते. जो नाहीच असे आपण मानतो त्याच्याशी इतक्या पोटतिडकीने कोणी भांडत नाही.

ही जिजाई प्रभातकरांना आयती मिळालेली नव्हती, हे लक्षात घे. कीर्तनांतून आणि महीपतीच्या ‘भक्तविजया’सारख्या संतचरित्रांतून आपल्यापर्यंत जी आवली (जिजाईचेच दुसरे नाव) पोचली ती कजाग, तोंडाळ, संताच्या गळ्यात पडलेली लोढण्यासारखी बायको. भंडाऱ्याच्या डोंगरावर नवऱ्याची भाकरी घेऊन जाताना तिच्या पायात काटा मोडतो आणि विठ्ठल तो काढतो, ही कथा आपण लहानपणी ऐकली. पण तीही शेवटी तिची खोड मोडण्याच्या सुरातच सांगितली जाई. चित्रपटाने तिचे भांडखोरपण तसूभरही कमी केले नाही, तोंडाचा पट्टा तोच ठेवला, आणि तरीही तिला हास्यास्पद होऊ दिले नाही. तिच्या प्रत्येक वाक्याला पोटाचा आधार आहे. आणि हा आधार काल्पनिकही नाही. तुकोबांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगात दुष्काळाने घर कसे धुऊन नेले ते सांगताना ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ असे लिहून ठेवले आहे. ती त्यांची पहिली पत्नी. ज्या घरात एक बाई अन्नावाचून गेली, त्या घरात दुसरी बाई धान्याच्या प्रत्येक दाण्यावरून तंडत असेल, तर तिला कजाग म्हणण्याआधी आपण दोनदा विचार करायला हवा. चित्रपटात त्या जुन्या मृत्यूचा गाजावाजा नाही, पण अभंग माहीत असलेल्या माणसाला जिजाईच्या चिडण्यामागे ती भीती ऐकू येते.

आणि ही भूमिका केली ती गौरी या नटीने. ती कोणी नावाजलेली नायिका नव्हती. प्रभातमध्ये किरकोळ कामे करता करता ती या भूमिकेपर्यंत आली. या वेळी मी मुद्दाम तिचे बोलणे बाजूला ठेवून नुसत्या हालचाली पाहिल्या. म्हशीला धुता-चोळताना तिचा हात ज्या सवयीने जनावराच्या पाठीवरून फिरतो, नऊवारीचा काचा सावरून ती ज्या बेताने उकिडवी बसते आणि उठते, रागाने घराबाहेर पडताना टाचेवर जोर देत जी चालते, ते कोणा दिग्दर्शकाने शिकवून येणारे नाही. त्या काळच्या बहुतेक नायिका कॅमेऱ्यासमोर उभ्या राहत. ही कॅमेऱ्याला विसरून कामाला लागलेली आहे. म्हशीशी ती ज्या मायेने बोलते त्या मायेने ती नवऱ्याशी चित्रपटभर क्वचितच बोलते, आणि याचे हसूही येते, वाईटही वाटते. नेमस्त, छापील मराठीत बोलणाऱ्या पात्रांच्या त्या जमान्यात तिची रांगडी बोली आजही कानाला ताजी लागते.

समोर विष्णुपंत पागनीस. रंगभूमीवर ते स्त्रीभूमिका करीत आणि त्यामुळे हा नट तुकोबा म्हणून शोभेल का, अशी शंका आरंभी घेतली गेली होती, असे प्रभातच्या आठवणींत सांगितले जाते. मला तर वाटते की तो मवाळपणाच येथे कामी आला. त्यांचे तुकोबा जिजाईच्या सरबत्तीपुढे आवाज चढवीत नाहीत, उपदेशाचा आव आणीत नाहीत. थोडेसे ओशाळून, थोडेसे हसून ऐकून घेतात आणि मग करायचे तेच करतात. हा नवरा खलनायक असता तर बाईला सोपे गेले असते. तो असा निरुपद्रवी आणि प्रेमळ आहे म्हणूनच तिची पंचाईत आहे. दोघांपैकी एकालाही खोटे पाडायचे नाही, हा दिग्दर्शकांचा निश्चय मला सर्वांत मोलाचा वाटतो. पुढे लोकांनी पागनिसांनाच तुकोबा मानले. दिनदर्शिकांवर आणि देव्हाऱ्यांतल्या तसबिरींत आपण तुकोबांचा जो चेहरा पाहत वाढलो, त्यात पागनिसांची छाया स्पष्ट आहे.

गाण्यांविषयी तू काहीच लिहिले नाहीस, याचे मला आश्चर्य वाटले. एरवी तू गाण्यासाठी भिकार चित्रपटही माफ करतोस. केशवराव भोळे यांचे संगीत आहे. पागनीस स्वतः गातात, आणि बोलणे कोठे संपले व अभंग कोठे सुरू झाला याचा सांधा दिसत नाही. रागावलेल्या बायकोला उत्तर देताना माणूस बोलता बोलता सहज गुणगुणू लागावा, इतक्या हलक्या पावलांनी अभंग येतो आणि कथेला न अडवता तिच्याबरोबर चालू लागतो. ‘आधी बीज एकले’ हे तर खुद्द तुकोबांचे नव्हेच. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले. तरीही भल्याभल्यांना ते गाथेतीलच वाटत आले. या एका गाण्यावरूनही कळते की प्रभातच्या मंडळींनी गाथा दाखल्यापुरती चाळलेली नव्हती, ती मुरवलेली होती.

चमत्कार पाहताना तुला हसू आले, असे तू लिहितोस. हसू मलाही येते. कीर्तनाला बसलेला प्रत्येक जण शत्रूच्या शिपायांना शिवाजी महाराजच दिसू लागतो तो प्रसंग, वाढत जाणारी धान्याची रास, शेवटचे ते गरुडाचे विमान, यांतील कॅमेऱ्याची करामत आज शाळकरी पोरही ओळखेल. पण ही करामत केव्हा येते ते पाहा. ज्याची घरात खरी वानवा आहे तेच चमत्कारात प्रकट होते. धान्याची रास भुकेल्या घराच्या कथेत वाढते, म्हणून ती जादूचा प्रयोग वाटत नाही. अनेक रात्री उपाशी निजलेल्या माणसांनी पाहिलेले स्वप्न वाटते. विमानाच्या प्रसंगाचेही तसेच आहे. तुकोबा वैकुंठाला निघाले आहेत आणि बायकोला बरोबर चल म्हणतात. ती म्हणते, मुलांकडे कोण बघणार? मोक्ष दारात उभा असताना दिलेले हे उत्तर चित्रपटाने ना थट्टेवारी नेले, ना अज्ञान म्हणून हिणवले. माझ्यापुरते बोलायचे तर, त्या क्षणी आकाशात चाललेल्या विमानापेक्षा जमिनीवर राहिलेली बाई मला मोठी वाटते, आणि दिग्दर्शकांनाही ते अगदी अमान्य नसावे असा मला संशय आहे.

आता जे मला रुचत नाही तेही लिहितो, म्हणजे तू मला प्रभातचा भाट ठरवणार नाहीस. सालोमालो हे पात्र फार ठोकळेबाज झाले आहे. तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा दांभिक ही कल्पना उत्तम, पण एकदा त्याचा डाव कळला की पुढचा त्याचा प्रत्येक डाव आधीच कळतो. त्याने धाडलेल्या गणिकेचे झटपट मनःपरिवर्तन तर मला दर वेळी घाईचे वाटते. या भागात चित्रपट काही काळ त्या काळच्या इतर चित्रपटांसारखा होतो. रामेश्वरभट या शास्त्र्याच्या आज्ञेने अभंगांच्या वह्या नदीत बुडवल्यावर मात्र तो पुन्हा जमिनीवर येतो, कारण तुकोबा काठावर धरणे धरून बसतात तेव्हा त्यांच्याबरोबर उपाशी बसलेले कुटुंबही आपल्याला दिसत असते.

आणखी एक गोष्ट जाता जाता. वारकऱ्यांच्या लाडक्या संतावरील हा चित्रपट करणाऱ्या दोघांपैकी एक मुसलमान होते आणि त्या काळी याची विशेष चर्चा करण्याची कोणाला गरज वाटली नाही. पुढे याच जोडीने ‘संत ज्ञानेश्वर’ही केला. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली ‘संत तुकाराम’चा गौरव झाला तो आपल्याकडे अजून अभिमानाने सांगितला जातो, सांगावा, पण मला त्याहून नवल याचे वाटते की देहूच्या एका घरातले भांडण परक्या देशातील लोकांनाही कळले.

तेव्हा माझी विनंती एवढीच की चित्रपट पुन्हा पाहा. तुकड्यातुकड्यांनी, फोनवर, प्रवासात पाहू नकोस. दोन-सव्वादोन तास मोकळे काढ आणि आवाज नीट ऐकू येईल अशी व्यवस्था कर, कारण जुन्या प्रतीत सुरुवातीला खरखर त्रास देते आणि पंधरा मिनिटांत कान तिला सरावतात. वहिनींनाही बरोबर बसव. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो आणि आयुष्यात प्रथमच घरात सुबत्ता पाहून जिजाई हरखून जाते, तोच तुकोबा ते सारे परत पाठवायला निघतात, त्या प्रसंगापाशी वहिनी काय म्हणतात ते मला शब्दशः लिहून कळव. तुझ्या मतापेक्षा मला त्यांच्या मताची उत्सुकता अधिक आहे.

मुलांना आशीर्वाद. पत्राचे उत्तर लवकर दे.

तुझा मित्र