रविवारच्या डोंगरधावेबद्दल सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार,

रविवारी सकाळी ६ वाजता पायथ्याशी जमायचं आहे. घड्याळातला वेग या दिवशी विसरा. डोंगरात किलोमीटरपेक्षा चढ मोजायचा असतो. चढावर दम लागला तर मांड्यांवर हात टेकून खुशाल चाला. युरोपातल्या आल्प्समधल्या माँ ब्लां पर्वताभोवतीच्या सुमारे १७० किलोमीटरच्या शर्यतीत आघाडीचे धावपटूही तीव्र चढ चालूनच चढतात, त्यामुळे त्यात कमीपणा अजिबात नाही.

खरी मजा उतारावर! नजर तीन-चार पावलं पुढे, पावलं छोटी, हात मोकळे. सुटा दगड पायाखाली हलतो आणि तो कळायच्या आत दुसरं पाऊल पडलेलं असतं. त्या वेळी डोक्यात दुसरा विचार शिरतच नाही. मला तरी डोंगर याचसाठी हवाहवासा वाटतो. मात्र उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, म्हणून दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं. नवीन मंडळींनी पहिल्यांदा उतार जपूनच घ्यावा.

पकड असलेले बूट, पाणी, शिट्टी आणि पातळ जॅकेट आणावंच. माथ्यावर वारा असतो आणि घामेजलेलं अंग लगेच गार पडतं.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं. एकट्याने पुढे जाऊ नये.