राक्षस वेळेत मरायला हवा

पेडणे, गोवा

चि. बाय हिस आईचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू भरपूर बोललीस, थोडी रडलीस आणि माझी पाळी आली तेव्हा "झोप येते गं" म्हणून फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. कागदाला झोप येत नाही.

मला कळलं ते बरोबर आहे का बघ. ग्राहकांच्या तक्रारी हाताने वेगळ्या काढण्यात तुमच्या माणसांचा निम्मा दिवस जातो, म्हणून तू दोन आठवडे जागून एक छोटा प्रोग्राम लिहिलास आणि कुणाला न सांगता चालूही केलास. तो चालला. पण शाबासकीऐवजी मॅनेजरने सुनावलं. ज्या जुन्या सिस्टिमवर तू तो बसवलास ती पुढच्या महिन्यात बंद व्हायची आहे, आणि नव्या सिस्टिममधलं तुझ्या वाटणीचं काम तसंच पडून राहिलं. "पुढाकार घ्या म्हणून भिंतीवर लिहायचं आणि घेतला की कान धरायचा!" हे तुझं वाक्य. राजीनामा लिहून ठेवलाय म्हणालीस.

आता माझी फजिती ऐक. तू तेव्हा पाचवीत होतीस. मी औषधाच्या कारखान्यात ब्लिस्टर मशीनवर, म्हणजे गोळ्यांच्या पट्ट्या बनवणाऱ्या मशीनवर होते. खालच्या पीव्हीसी प्लास्टिकला उष्णतेने खळगे पडतात, त्यात गोळ्या बसतात, वरून अॅल्युमिनियमची फॉइल येते आणि गरम प्लेटखाली चिकटते. आमचं मशीन मिनिटाला पंचवीस कट द्यायचं, म्हणजे पंचवीस वेळा पट्ट्या कापून बाहेर टाकायचं. मला वाटायचं, हे तीस सहज देईल. वेग वाढला की फॉइल प्लेटखाली कमी वेळ राहते, सील कच्चं होतं, हे ठाऊक होतं; म्हणून मी तापमानही थोडं चढवलं. एका रात्रपाळीत, कुणालाही न विचारता. मग लीक टेस्ट घेतली. पट्ट्या निळ्या पाण्यात बुडवायच्या, भांड्यातली हवा ओढून घ्यायची, थोडं थांबून परत सोडायची. सील कच्चं असेल तर खळग्यात निळं पाणी शिरतं. एकेक पट्टी दिव्यासमोर धरून बघितली. एकही गोळी निळी नव्हती! सकाळच्या कदंब बसमध्ये बसले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

दुसऱ्या दिवशी अख्खी बॅच होल्डवर. बॅच रेकॉर्डवर एक तापमान, मशीनवर दुसरं. क्वालिटीच्या माणसाने आवाजही चढवला नाही, त्याचंच जास्त लागलं. आजची पट्टी चांगली निघाली एवढ्यावर औषध सुटत नाही. त्या सेटिंगवर सील दर वेळी तसंच बसतं, हे आधी सिद्ध करून कागदावर असावं लागतं. मी उलट बोलले, अगदी तुझ्यासारखी. तर त्याने मला पुढच्या टेबलाकडे नेलं. कार्टन भरणाऱ्या बायका रोजच्याच वेगाने भरत होत्या आणि माझ्या जादा पट्ट्या क्रेटमध्ये थप्पी लागून पडल्या होत्या. ट्रकमध्ये एक खोकाही जास्त चढला नव्हता. बाय, मला मेमोपेक्षा ती थप्पी जास्त बोचली. सात वर्षं त्या टेबलापासून दहा पावलांवर काम करत होते आणि एकदाही वळून बघितलं नव्हतं.

कंपनीलाही मी सोडत नाही हं. पंचवीसच का, हे त्या सात वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीवर सजेशन बॉक्स होता, त्याची किल्ली कुणाकडे आहे हे मॅनेजरलाही माहीत नव्हतं. माणसाला कुठे जायचंय ते सांगायचं नाही आणि वाट चुकला म्हणून ओरडायचं, हा शहाणपणा तुमच्याकडेही असणार. तेवढ्यापुरतं तुझं भांडण खरं आहे.

पुढे नवा मॅनेजर आला, त्याने तीच कल्पना रीतसर मांडायला लावली. तीन बॅचेस चाचणीच्या झाल्या, कार्टनवर दोन बायका वाढवल्या, मग तीस कट मंजूर झाले. पाच महिने गेले. फॉर्मवर "प्रस्ताव कोणाचा" या रकान्यात माझं नाव होतं. त्याची झेरॉक्स कपाटात साड्यांखाली आहे.

तू त्या थ्रीएम कंपनीचं उदाहरण दिलंस, पंधरा टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी. खरं आहे. पण त्या पिवळ्या चिठ्ठ्यांचा कच्चा गोंद स्पेन्सर सिल्व्हरने 1968 मध्ये बनवला आणि चिठ्ठ्या अमेरिकाभर विकायला आल्या 1980 मध्ये. मधली वर्षं तो गोंद घेऊन सहकाऱ्यांना सांगत फिरला. त्यातूनच आर्ट फ्राय नावाच्या दुसऱ्या माणसाला चर्चच्या गाण्यांच्या वहीतल्या खुणा सुचल्या. लपवून ठेवला असता तर गोंदच राहिला असता.

आणि एवढ्या लांब कशाला, मामाला विचार. दशावतारात लिहिलेली वाक्यं नसतात. मालक आधी आख्यान सांगतो, कोण कोण आणि शेवट काय, बाकी बोलणं ज्याचं त्याचं. एवढी मोकळीक तुमच्या ऑफिसात कुणाला नसेल. एका जत्रेत मामाचा राक्षस असा रंगला की शिट्ट्यांवर शिट्ट्या, तो थांबेचना. पेटीवाला सूर देऊन दमला. पहाट झाली, दहीकाल्याची वेळ आली, आणि युद्ध पाच मिनिटांत उरकावं लागलं. ज्याने विष्णूसाठी तासभर रंग लावला होता तो दोन वाक्यं बोलून आत गेला. मालक मामाला एवढंच म्हणाला, "बोललास झकास. पण राक्षस मेलाच नाही तर लोक घरी कसे जाणार?"

तर सोमवारपर्यंत राजीनामा पाठवू नकोस. एका पानावर लिही: काय बनवलं, रोज किती वेळ वाचला, नव्या सिस्टिममध्ये ते कुठे बसू शकेल. अंदाजाने ठोकू नकोस, प्रोग्राम चालला त्या आठ दिवसांतलं मोजून लिही. आधी अडलेलं काम कधी देशील ती तारीख सांग, मग पान पुढे कर. आणि जुनी सिस्टिम बंद होणार हे तुम्हाला आधी का कळलं नाही, हेही विचार. आवाज न चढवता. मग नाहीच पटलं तर राजीनामा आहेच.

चवथीचं तिकीट काढलंस का? मोपा विमानतळावर उतरणार असशील तर वेळ कळव, मामा गाडी घेऊन येईल. वाटेत तो राक्षसाची गोष्ट त्याच्या बाजूने सांगेल, तीही ऐक.

तुझी,
आई