मामी, आमची चंद्रा आता सगळ्यांचं ऐकते

मामी नमस्कार,
तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेल म्हणून इथंच लिहितोय, आणि ज्यांच्या दारात घोडं आहे त्यांनीही वाचावं असं मनापासून वाटतं.

दिवाळीनंतर कोकणात उतरताना तुमचा मेंढरांचा वाडा आमच्या कोरेगावच्या रानात चार रात्री बसला, खतासाठी मेंढरं बसवायची एवढाच खरं तर आपला व्यवहार. पण तुम्ही आमच्या घोडीला, चंद्राला बघितलंत. अण्णांजवळ ती गाईसारखी गरीब, माझ्या हातात कासरा आला की ओढणार, पोरीला तर खांद्यानं रेटतच न्यायची आणि बायकोच्या दंडाला असा चावा घेतला की पंधरा दिवस काळानिळा डाग होता. त्याआधी पैसे देऊन घोडं शिकवणाऱ्या एकाला बोलवलं होतं, त्याच्यासमोर घोडी एकदम सरळ, तो गेला की परत तेच. विकून टाका म्हणणारे तर रोज एक भेटायचे.

तुम्ही कासरा हातात घेण्याआधी आम्हालाच विचारलंत, थांबवायचं असलं की काय म्हणता? अण्णा म्हणाले हं, मी म्हणालो हो हो, पोरगी थांब म्हणते आणि बायको नुसती म्होरकी ओढते. तुम्ही म्हणालात, "घोडी खोडील नाय, तुमच्या चौघांच्या चार तऱ्हा हायत, तिनं कुणाचं ऐकायचं?" हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं ओ.

मग पोरीच्या हातात कासरा देऊन तुम्ही मागं उभ्या राहिलात ते अजून डोळ्यासमोर आहे. "माग" असं एकदाच म्हणायचं आणि कासरा हलका मागं दाबून धरायचा. चंद्रानं मान ताठ केली, कान मागं पाडले, पोरगी घाबरून सोडणार तर तुम्ही तिच्या हातावर हात ठेवलात, आणि घोडीनं पुढचा एक पाय नुसता उचलून मागं ठेवला तेवढ्यात म्हणालात "सोड!" कासरा ढिला झाला, चंद्रानं फुर्र केलं, तोंड चघळल्यासारखं केलं. तिसऱ्या वेळी नुसत्या शब्दावर मागं सरकली. ओढण्यानं नाही, सोडण्यानं शिकते हे मला तिथं कळलं. बायकोच्या हातात कासरा दिला तर परत पहिल्यापासून, तेव्हा मी म्हणालो विसरली का, तर तुम्ही म्हणालात इसरत नाय, पण या हाताचं अजून तिला ठावं नाय, परत्येकानं आपापलं करावं लागतं. तुमच्याकडं बिऱ्हाड लादायला आज सून, उद्या लेक, परवा नातू, म्हणून तुमच्या त्या बुटक्या भीमथडी घोड्या कुणाच्याही हातानं चालतात.

गूळ हातावर द्यायचा नाही, घमेल्यात टाकायचा, हे पण तुमचंच. चावायची सवय आम्हीच गूळ देऊन लावली होती, बायकोला फार वाईट वाटलं, लाडानं देत होती बिचारी. आणि जवळ जाताना आवाज देत डाव्या खांद्याकडनं जायचं. नंतर मी वाचलं की घोड्याला जवळजवळ 350 अंश दिसतं पण कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसतच नाही, तुम्ही तेच दोन बोटांनी दाखवलं होतं.

आता रोज सकाळी चंदी (घोडीचा दाणा) टाकायच्या आधी आम्ही चौघं पाच पाच मिनिटं करतो, शब्द एकच, पद्धत एकच. अण्णांना त्यांचं "हं" सोडायला जरा जड गेलं पण सोडलं. परवा नवीन नालबंद आला, चंद्राला पूर्वी कधी न बघितलेला माणूस, मी त्याला आधी शब्द सांगितला, त्यानं खांद्यावर हात ठेवून खाली फिरवत नेला आणि चंद्रानं चारही खूर एकेक करून दिले. कासरा पोरीच्या हातात होता, ढिला.

मामी, तुम्ही एक रुपया घेतला नाही, चहासुद्धा उभ्यानं घेतलात. मिरगाआधी परत वर येताना विहिरीकडचं रान तुमच्यासाठी मोकळं ठेवतोय, कडबा बाजूला काढलाय. बायकोनं लुगडं घेऊन ठेवलंय, त्याला नाही म्हणू नका.