पणतीसोबत गट नंबरही लिहून घ्या : सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, सोलापूर यांस,
सविनय नमस्कार.

आम्ही जुन्या मातीच्या पणत्या जमवणारी आणि अभ्यासणारी सोलापूर परिसरातली माणसे. सीना-भीमेकाठच्या गावांत पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती पिढ्यान्‌पिढ्या उपसली जाते, कधी माळवदावर टाकायला, कधी शेतात पसरायला. पूर्वी ती पाटीने निघायची, आता जेसीबीने निघते. तिच्यात खापरे, बांगड्यांचे तुकडे आणि पणत्या असतात. ट्रॉली रिकामी झाली की त्या कुठल्या थरातून आल्या हे कायमचे पुसले जाते.

नुसत्या आकारावरून साध्या पणतीचे वय सांगता येत नाही. चाकावर ओढलेली उथळ वाटी, ओली असतानाच चिमटून काढलेली चोच, दोऱ्याने कापून उतरवलेला तळ. सातवाहन काळातली पणती अशीच आणि गेल्या दिवाळीतलीही अशीच. कापताना तळावर उमटलेली गिरकीची रेघसुद्धा दोन्हींवर दिसते. काळ ठरतो तो सोबतच्या वस्तूंवरून : शेजारी काळी-तांबडी खापरे होती का, शिशाचे नाणे होते का, पणती किती फुटांवर निघाली, राखेत होती की पिवळ्या मातीत. ही माहिती सुटली की कितीही सुबक पणती अभ्यासाच्या कामाची राहत नाही.

आपल्या भागात तर हे फार मोलाचे आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे आणि तिथले सुती कापड गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळाच्या वस्तू पाहायला मिळतात. तेरच्या भोवतालच्या लहान गावांत लोक कसे राहत होते, हे मात्र अशा पांढरींतूनच कळेल.

कायद्यात मातीच्या वस्तूंची अडचण होते. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेले धन) कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा निधी सापडल्यास आपल्याला कळवणे बंधनकारक आहे, आणि सरकारने तो घ्यायचे ठरवले तर त्यातल्या द्रव्याची, म्हणजे ज्या पदार्थाची वस्तू आहे त्याची, किंमत आणि वर तिचा एक पंचमांश मिळतो. सोन्याच्या नाण्याला हे ठीक. भाजलेल्या मातीला द्रव्यमूल्य जवळपास नाहीच, त्यामुळे पणती कळवावी असे कोणाला वाटत नाही. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यात सक्तीची नोंदणी शिल्पे, चित्रे अशा अधिसूचित वर्गांना आहे. शंभर वर्षांपूर्वीची पणतीही पुराणवस्तूच, तिचा परवान्याविना व्यापार करता येत नाही, ती परदेशी नेता येत नाही. पण ती सापडल्याची नोंद कोणी करत नाही. वर ‘कळवले तर चौकशी मागे लागेल’ ही गावकऱ्यांची भीती.

आमची मागणी एका पानाच्या अर्जाची आहे. तो प्रत्येक तलाठी सज्जावर ठेवावा. गाव, गट नंबर, मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, खोली, मातीचा रंग, सोबत निघालेल्या वस्तू आणि फोटो. फोटो वरून, तळाचा, चोचीचा आणि बाजूने काढावेत, शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून. सापडताच स्वतःहून कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे अर्जावरच छापावे.

त्याच पानाच्या मागे हाताळणीच्या सूचना असाव्यात. पहिली : पणती धुऊ नका. चोचीवरची काजळी आणि भिंतीत मुरलेले तेल हा ती वापरात असल्याचा पुरावा आहे, आणि त्या तेलाची प्रयोगशाळेत तपासणी होऊ शकते. ब्रशने घासले की काजळी जाते. कमी भाजलेली पणती पाण्यात विरघळूनही जाते. लिंबू किंवा व्हिनेगर तर लावूच नये, मातीतले चुन्याचे कण त्याने खाल्ले जातात. सावलीत सावकाश सुकू द्यावी, ओलसर असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधली तर बुरशी चढते. सुकल्यावर पांढरी भुकटी फुटली तर ते जमिनीतले क्षार. ते आतून वर येताना पृष्ठभागाचे पापुद्रे काढतात. भुकटी खरवडू नका, पणती जाणकाराला दाखवा. तुटलेले तुकडे फेविकॉलने किंवा अॅराल्डाइटने जोडू नयेत. संग्रहालयात पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखे चिकटद्रव्य वापरतात, ते अॅसिटोनने पुन्हा सोडवता येते. वस्तूवर नंबर घालायचा तर तळाला याच द्रावणाचा पातळ हात देऊन, त्यावर शाईने लिहून वरून दुसरा हात द्यावा. हे कामही जाणकारानेच करावे.

या नोंदींचा आणखी एक उपयोग आहे. चहाच्या पाण्यात बुडवून, डिंकात कालवलेली माती फासून ‘जुन्या’ केलेल्या पणत्या बाजारात फिरतात. गट नंबरासह नोंदलेल्या वस्तू हाताशी असल्या की ताडून पाहता येते.

दुसरी मागणी गौण खनिजाबाबत, म्हणजे माती-मुरमाच्या उपशाबाबत. पांढरीची माती उचलण्याचा परवाना देताना तहसीलदारांनी आधी जागेचे फोटो घ्यावेत, आणि खापरांचा थर लागला तर उपसा थांबवून पुरातत्त्व विभागाला कळवण्याची अट घालावी. पावसाने कडा ढासळतात तेव्हा सगळ्यात जास्त वस्तू उघड्या पडतात. म्हणून हा अर्ज पावसाळ्याआधी सज्जांवर पोहोचावा. मसुदा आम्ही तयार केला आहे. वेळ द्याल त्या दिवशी तो घेऊन कार्यालयात येऊ.

आपले,
सोलापुरातील मातीच्या दिव्यांचे संग्राहक