'गादी' हा शब्द खटकला

संपादक महोदय,

मोहरमनिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. पैगंबरांचे नातू हुसैन जिथे मारले गेले त्या करबलाचा प्रसंग लेखकाने मनापासून लिहिला आहे. तक्रार आहे ती मथळ्यातल्या आणि पुढे चार-पाचदा आलेल्या 'गादीचा वाद' या शब्दांबद्दल. गादी म्हटली की आपल्याला सातारा-कोल्हापूर आठवते, म्हणजे गादी आधीच मांडलेली आणि वारस तेवढा ठरायचा. इ.स. ६३२ मध्ये महंमद पैगंबर गेले तेव्हा मदिनेत अशी गादी होती कुठे?

पैगंबरांचा देह घरात, त्यांचे चुलतभाऊ आणि जावई अली अंत्यविधीच्या तयारीत आणि तिकडे बनू साइदांच्या छपरीखाली, म्हणजे सकीफ्यात, मदिनेचे अन्सार, म्हणजे पैगंबरांना आसरा देणारे तिथले मुसलमान, आपल्यातल्या साद बिन उबादा यांना पुढे करायला जमलेले. पैगंबरांचे जवळचे साथीदार अबू बक्र आणि उमर घाईने तिथे पोचले. एक अमीर (म्हणजे पुढारी) तुमचा, एक आमचा, असाही तोडगा निघाला होता! शेवटी उमर यांनी अबू बक्र यांच्या हाती बैअत केली, म्हणजे निष्ठेची शपथ घेतली, आणि मागोमाग बाकीच्यांनी. हे सारे घाईत उरकले, अशी कबुली पुढे खुद्द उमर यांनी दिल्याचे सुन्नी परंपराच सांगते. अबू बक्र यांनी मरणापूर्वी उमर यांचे नाव सांगितले. उमर यांनी ६४४ मध्ये सहा जणांवर निवड सोपवली आणि त्यातून उस्मान आले. ६५६ मध्ये उस्मान यांचा खून झाल्यावर मदिनेतल्या लोकांनी अलींना गाठले. पैगंबरांमागे आलेल्या या चौघा खलिफांच्या चार तऱ्हा, पण बापामागे मुलगा एकदाही नाही. (अली आणि सीरियाचे सुभेदार मुआविया यांच्यातल्या सिफ्फीनच्या लढाईला लेखात शिया-सुन्नी युद्ध म्हटले आहे. ६५७ मध्ये सुन्नी नावाचा पंथ अजून उभा राहायचा होता.)

शियांची बाजू लेखात 'जावयाचा हक्क' एवढ्यावर उरकली आहे, ती तर फारच उणी. त्यांचा आधार गदीर खुम्मचा. शेवटच्या हजहून परतताना पैगंबर म्हणाले, ज्याचा मी मौला, त्याचा अली मौला. हे वचन सुन्नीही मानतात. भांडण आहे ते 'मौला' या शब्दाच्या अर्थाचे, कारण अरबीत तो स्वामीही होतो आणि स्नेही, पाठीराखाही. शिया त्याला नस्स, म्हणजे स्पष्ट नेमणूक समजतात. इमामत, म्हणजे शियांचे धर्मनेतृत्व, पुढे अलींच्याच वंशात चालली हे खरे, पण नुसते रक्त पुरत नाही, नस्स लागते. म्हणून तर १०९४ मध्ये कैरोत फातिमी खलिफा मुस्तनसिर वारले तेव्हा नस्स कोणावर, त्यांचा मुलगा निझार की मुस्तअली, यावरून शियांमधला इस्माइली पंथ दुभंगला. आपल्या मुंबईतले आगाखानी खोजे निझारच्या फांदीचे, दाऊदी बोहरा मुस्तअलीच्या. बोहरांच्या सय्यदनांवर, म्हणजे त्यांच्या धर्मप्रमुखांवर, नस्स झाली की नाही, याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात दहा वर्षे चालला आणि एप्रिल २०२४ मध्ये निकाली निघाला. तिथेही प्रश्न होता नेमणूक सिद्ध होते का, हाच.

मग गादी आली कधी? मुआवियांनी आपल्या हयातीतच मुलगा यझीद याच्यासाठी बैअत घ्यायला सुरुवात केली तेव्हा. ही तर रोमच्या कैसराची रीत, असा आक्षेप अबू बक्र यांच्याच मुलाने, अब्दुर्रहमान यांनी घेतल्याची नोंद परंपरेत आहे. ६८० मध्ये मुआविया वारले, हुसैन यांनी यझीदला बैअत नाकारली आणि त्याच वर्षी करबला घडले. हुसैन कूफ्याकडे निघाले ते तिथल्या लोकांची बोलावण्याची पत्रे आली म्हणून. गादी मांडली ती समोरच्या पक्षाने. लेखाच्या मथळ्यात मात्र ती दोघांच्याही माथी मारली आहे.

कडेगावच्या ताबुतांच्या भेटी लहानपणापासून पाहत आलो, म्हणून हे जास्तच लागले असेल. पुढच्या रविवारी मथळ्यापुरती तरी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, जि. सांगली