साहेब, तुमच्या फ्लेक्सचा अखेर उपयोग झाला

प्रति,
मा. पालकमंत्री महोदय
(जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना हे पत्र आपल्यालाच आहे असं वाटेल, त्यांनी ते आपलं समजावं.)

सप्रेम नमस्कार, वि. वि.

सर्वप्रथम आपले आभार मानतो. गेल्या महिन्यात आपण आमच्या मैदानावर मेळाव्याला आला होतात. त्या वेळी पश्चिमेच्या कंपाउंडवर लावलेला, हात जोडून हसणारा आपला फ्लेक्स परवाच्या रविवारपर्यंत जागेवर होता. त्या दिवशीच्या फुटबॉल सामन्याच्या दुसऱ्या हाफमध्ये आम्ही तो उतरवला, मागच्या पट्ट्या उचकटल्या, चौघांनी चार कोपरे धरले आणि आमच्या आठ नंबरच्या खेळाडूला त्यावर आडवं घालून मैदानाबाहेर आणलं. कारण मैदानावर स्ट्रेचर नव्हतं. त्याचा गुडघा नेमका आपल्या फोटोवर आला, त्याला कुणी राजकीय अर्थ चिकटवू नये. घाईत जसा झोपवता आला तसा झोपवला.

सामन्यात काय झालं हे आपल्याला कुणी सांगितलं नसणार. आपल्याकडे जी कात्रणं पोहोचतात त्यात आपलं नाव असावं लागतं, आणि ही बातमी दोन ओळींची होती. लीगचा सामना १-१ बरोबरीत, एक खेळाडू जखमी. संपलं. म्हणून मीच सांगतो.

समोर गतविजेता संघ. पहिल्या हाफमध्ये त्यांनी फ्री किकवर गोल केला, भिंतीवरून काढलेला, आमच्या कीपरचा दोष नव्हता. त्यानंतर मात्र आमची पोरं जी पेटली ती पेटलीच. मधल्या फळीत आठ नंबर. हा पोरगा सकाळी वायरिंगची कामं करतो, दुपारी सरावाला येतो, आणि चेंडू पायात आला की मान वर करून खेळतो. ज्यांना फुटबॉल कळतो त्यांना या एका वाक्यात सगळं कळेल. बाकीचे पायाकडे बघतात, हा माणसं बघतो. दुसऱ्या हाफमध्ये आमचे पाचही बदली खेळाडू वापरून झाले होते. प्रशिक्षकाने जुगार खेळला होता, बरोबर खेळला होता, कारण गोल आता पडणार असं पायऱ्यांवर बसलेल्या प्रत्येकाला वाटत होतं.

आणि मग तो खड्डा.

साहेब, त्या खड्ड्याची आपली ओळख करून देतो. उत्तरेकडच्या गोलसमोरच्या डीच्या टोकाला, डाव्या अंगाला, तळहाताएवढा रुंद आणि वीतभर खोल. तुमच्या मंडपाचा एक खांब तिथे होता. मंडपवाले सामान घेऊन गेले, भोकात पाटीभर मुरूम टाकून गेले. दाबला नाही, पाणी मारलं नाही. पहिल्याच पावसात मुरूम खाली बसला आणि वर गवताचं जेमतेम झाकण झालं. चुन्याची रेघ त्याच्यावरून गेलेली आहे, म्हणजे रेघ मारणाऱ्यालाही तो दिसला होता. आठ नंबरने चेंडू घेऊन वळण घेतलं, स्टड त्या भोकात अडकला, पाय तिथेच राहिला आणि अंग फिरलं. जवळपास कुणी नव्हतं. टॅकल नाही, धक्का नाही. रेफ्रीने शिट्टी वाजवली खरी, पण फाउल कुणाविरुद्ध द्यायचा ते त्याला कळेना. (मला कळलं होतं.)

गुडघ्यातला एसीएल नावाचा जो पट्टा आहे तो बहुतेक वेळा असाच तुटतो. कुणी न मारता. पाय रोवलेला आणि शरीर वळलेलं. एमआरआयचा रिपोर्ट आला, पट्टा पूर्ण तुटलाय. ऑपरेशन, मग कमीत कमी नऊ महिने. तेही नीट व्यायाम करून घेणारा फिजिओ मिळाला तर. कित्येक महिने शिडीवर चढता येणार नाही, म्हणजे वायरिंगही गेलं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ते आपण भाषणात सांगितलंतच. त्या ५ टक्क्यांच्या दारापर्यंत जायचं तर वरच्या स्पर्धा खेळाव्या लागतात, आणि त्यासाठी पुढच्या महिन्यात त्याची निवड चाचणी होती. होती.

रुग्णवाहिकेचंही ऐका. मेळाव्याच्या दिवशी याच मैदानाच्या गेटवर दोन रुग्णवाहिका उभ्या होत्या, मी डोळ्यांनी पाहिल्यात. आपला ताफा निघाला तशा त्याही मागोमाग गेल्या. त्या दिवशी मैदानावर जास्तीत जास्त धोका कसला होता, तर सोफ्यावरून उठताना कुणाचा तरी पाय सतरंजीत अडकण्याचा. रविवारी बावीस पोरं नव्वद मिनिटं एकमेकांवर आदळणार होती, त्या दिवशी गेटवर भेळेची गाडी होती. शेवटी भाजीच्या टेम्पोत घातला. मागे मी, त्याचा धाकटा भाऊ आणि संघाचा मालिशवाला. प्रत्येक स्पीडब्रेकरला तो पोरगा दात आवळून घेत होता, ओरडला एकदाही नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आता माझं दुःख सांगतो, आणि ते क्षुल्लक आहे असं आपण म्हणू नका. बरोबरीचा गोल मी पाहिला नाही! बदली उरला नव्हता, तेव्हा दहा जणांनी वीस-बावीस मिनिटं गतविजेत्यांना झुंजवलं, कीपरने वन टू वन दोनदा अडवलं, आणि इंज्युरी टाइममध्ये कॉर्नरवर आमच्या चार नंबरने, म्हणजे उभ्या आयुष्यात ज्याने हाफलाइन ओलांडली नाही अशा माणसाने, हेडने गोल मारला. असा सामना दहा-दहा वर्षांत होत नाही. लोक कठड्यावरून आत पडले म्हणे. आणि मी तेव्हा कुठे होतो? कॅज्युअल्टीच्या खिडकीशी फॉर्म भरत होतो. 'पेशंटशी नातं' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून 'प्रेक्षक' लिहिलं. खिडकीतल्या माणसाने ते खोडून 'काका' केलं. एवढ्यात फोनवर गोंगाट आला, काही ऐकू येईना, नुसता गोंगाट. मी ओळखलं. टेम्पोतून उतरताना एक चप्पल कुठे पडली होती, तर अनवाणीच कॉरिडॉरमध्ये नाचायला गेलो आणि नर्सने हाकललं. घरी पोहोचलो तर माझा रक्तदाब वाढलेला, बोलणी खाल्ली ती वेगळी. 'तुम्हाला काय मेडल मिळणार आहे का?' हा प्रश्न आमच्या घरात गेली तीस वर्षं विचारला जातोय आणि याचं उत्तर अजून मला सापडलेलं नाही. व्हिडिओवर गोल पाहिलाय. काढणाऱ्याचा हात इतका हलतोय की चेंडू दिसतच नाही, आभाळ दिसतं.

सोमवारी मी मैदानाचा ताबा ज्यांच्याकडे आहे त्या कार्यालयात गेलो. विचारलं, कार्यक्रमाचं भाडं घेता, खड्डे कोण बुजवणार? ते म्हणाले बांधकामवाल्यांना विचारा. बांधकामवाले म्हणाले भाडे करारात अट असते, आयोजकांना विचारा. आयोजक कोण, तर आपण. मग सरळ आपल्यालाच विचारतो. मंडपवाल्याच्या माणसाने मला सांगितलं की नुसत्या मंडपाचं बिल चाळीस लाखांच्या घरात होतं. खरंखोटं तुमचं तुम्हाला ठाऊक. चाळीस सोडा, वीस धरा, दहा धरा. एक घडीचं स्ट्रेचर काही हजारांत येतं. बेताल झालेलं हृदय झटका देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र लाख-सव्वा लाखात येतं. तुमच्या स्टेजच्या मागच्या एलईडी पडद्याच्या भाड्यात जिल्ह्यातली सगळी मैदानं उरकली असती.

हे यंत्र कशाला म्हणाल. १२ जून २०२१, कोपनहेगन. डेन्मार्कचा एरिक्सन भर सामन्यात कोसळला, मैदानावरच त्याला झटका दिला, तो जगला, आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा खेळायला उतरला. आता आपल्याकडचं सांगतो. डिसेंबर २००४, बंगळुरू, क्लबांच्या फेडरेशन कपची फायनल. गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर गोल मारताना कीपरवर आदळला आणि मैदानावरच गेला. देशभर ओरड झाली, वैद्यकीय सोय पाहिजे, हे पाहिजे, ते पाहिजे. सव्वासात वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याच बंगळुरूत जिल्हा लीगच्या सामन्यात डी. व्यंकटेश नावाचा पोरगा कोसळला. रुग्णवाहिका नव्हती, रिक्षातून नेला, वाचला नाही. आम्ही टेम्पोतून नेला. प्रगती आहे, टेम्पोला चाक एक जास्त असतं.

आणि घोषणांचं काय सांगावं. १५ सप्टेंबर २०१७ला अख्ख्या महाराष्ट्रात 'मिशन वन मिलियन' झालं. सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप नवी मुंबईत येणार होता म्हणून शाळाशाळांत फुटबॉल वाटले, एका दिवशी दहा लाख पोरं खेळवली. फोटो फार छान आले होते. माझ्या भाचीच्या शाळेतला चेंडू नंतर कपाटात कुलूपबंद होता, कारण त्याची नोंद स्टॉक रजिस्टरला होती आणि फुटला तर सर जबाबदार. वर्ल्ड कपात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, ती मात्र वाटलेल्या चेंडूंची करामत नव्हे. १४ डिसेंबर २०२५ला मेस्सी आला, कुठे, तर वानखेडेवर! क्रिकेटच्या मैदानावर फुटबॉलच्या महाराष्ट्राचं भविष्य घडवायची योजना जाहीर झाली. योजना चांगली असेल, निवडलेल्या पोरांचं भलं होवो. पण ती पोरं पाच-सात वर्षांनी परत येऊन खेळणार कुठे? मंडपाच्या भोकात?

संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, महाराष्ट्राने शेवटची जिंकली त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. वर दिल्लीत याहून वेगळं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, आपल्या देशाच्या फुटबॉल महासंघावर बंदी घातली, नाक दाबल्यावर तोंड उघडलं. देशाची सर्वांत मोठी लीग, आयएसएल, एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. २०२५-२६चा हंगाम करारांच्या आणि कोर्टाच्या भानगडीत फेब्रुवारी उजाडेपर्यंत लोंबकळला. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये आशियाई चषकाच्या पात्रता सामन्यात सिंगापूरला आपली पोरं बचावपटू झिंगनच्या रेड कार्डानंतर दहा जणांनिशी लढली, रहीम अलीने शेवटच्या मिनिटाला १-१ केलं. आम्ही इथे रात्री फटाके लावले. पाच दिवसांनी मडगावात त्याच सिंगापूरकडून २-१ हरलो आणि आशियाई चषकाचं दार बंद. दहा जणांनी जीव तोडायचा आणि बाकी सगळ्यांनी सत्कार घ्यायचा, ही काय फक्त आमच्या जिल्ह्याची पद्धत नाही. शिक्षणात तेच, शेतीत तेच. कुणीतरी एक जण खड्ड्यात पाय घालून बसलेला असतो आणि स्टेजवर हार चालू असतात. जाऊ दे. विषय वाढतो.

आपण त्या मेळाव्यात या मैदानाला फ्लडलाइट, टर्फ आणि फिजिओथेरपी केंद्र देणार म्हणालात. मी टर्फ मागत नाही. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष तुम्ही, सही तुमची, तेव्हा त्या सहीतून एवढंच काढून द्या: मैदानावर कायमचं एक स्ट्रेचर आणि ते झटक्याचं यंत्र, आणि ते चालवायला शिकलेला एक माणूस. सामन्याच्या दिवशी गेटवर एक रुग्णवाहिका, तुमच्या ताफ्यातली जुनी झालेली दिलीत तरी चालेल. आणि ज्या मैदानावर लीग चालू आहे तिथे हंगाम संपेपर्यंत खांब रोवायचा नाही, मग तो कुणाच्याही सभेचा असो, आपल्या विरोधकांच्याही. आठ नंबरच्या ऑपरेशनचा खर्च द्या असंही लिहिणार होतो, पण त्याच्या आईने नको म्हणून सांगितलं. आमची वर्गणी चालू आहे, समोरच्या संघाच्या लोकांनीही पाकीट आणून दिलं, न मागता.

खड्डा आम्ही काल बुजवला. दगड, मुरूम, माती, धुम्मस मारून. स्ट्रेचरही मागवलंय, पुढच्या सामन्याआधी येईल. दुकानदार विचारतोय, बिल कुणाच्या नावाने फाडायचं. आपल्या कार्यालयाचं नाव घातलं तर चालेल का, तेवढं कळवावं. आणि फ्लेक्स धुऊन ठेवलाय, परत हवा असल्यास माणूस पाठवावा.

कळावे,
पूर्वेच्या पायऱ्यांवरचा एक प्रेक्षक
(दवाखान्याच्या नोंदीप्रमाणे: काका)