पाऊल टाकू नकोस, उचल

दादर, मुंबई
रविवार, रात्री

प्रिय सुमा,

सप्रेम नमस्कार.

आठ महिने तुला पत्र नाही, फोनही मीच टाळला, आणि त्याचे कारण तुला ठाऊक आहे. माहीमच्या त्या भांडणात तू जे म्हणालीस ते आज सकाळी मला डोळ्यांनी दिसले, म्हणून उद्यावर न ढकलता लिहायला बसले आहे. येथे सर्व क्षेम आहे. आईची तब्येत बरी, माझीही.

ट्रायथलॉनच्या, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग शर्यतीच्या, सरावासाठी आज पहाटे वरळी सी फेसला फेऱ्या मारून २० किलोमीटर सायकल झाली आणि मी तशीच शिवाजी पार्कला धावायला उतरले. धाकटीने कट्ट्यावर बसून माझे चित्रण केले. घरी ते संथ गतीने पाहिले, तेव्हा माझे उजवे पाऊल शरीराच्या पुढे चांगले वीतभर पडत होते, टाच टेकताना गुडघा जवळजवळ ताठ होता आणि खांदे कानांपर्यंत चढले होते. म्हणजे प्रत्येक पावलाला मी स्वतःच ब्रेक लावते आणि त्याचा धक्का थेट गुडघ्याला बसतो. "पाऊल टाकू नकोस, उचल" असे तू सांगत होतीस आणि मी तुला, खो-खोवाल्यांना पाच किलोमीटरचे काय कळते, असे ऐकवले होते. ते शब्द मी मागे घेते.

खो-खोचे सर म्हणायचे, सुमा धावली की शेंगदाणे भाजल्यासारखा आवाज येतो. तो तडतड आवाज म्हणजे भरभर पडणारी हलकी पावले, हे मला आता कळते आहे. माझी उजवी पावले मोजली, तर मिनिटाला ७६ भरली, म्हणजे एकूण १५२. सगळे १८० चा आकडा सांगतात. पण जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाने तो १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या धावपटूंची पावले मोजून मांडला होता, आणि ते धावपटू शर्यतीच्या वेगात होते. मी किलोमीटरला आठ मिनिटे घेते. म्हणून वेग तोच ठेवून पावले फक्त पाच टक्क्यांनी वाढवायची, म्हणजे १६० करायची, असे मी ठरवले आहे. पावले वाढली की ढांग आपोआप आखडते आणि पाऊल शरीराखाली येते. पोहायला येणाऱ्या एकाने चवड्यावर धावायला सांगितले होते. दोन दिवस तसे धावले आणि पोटऱ्या दगड झाल्या, टाचेमागची घोडशीरही ठणकू लागली. टाच आधी टेकते की चवडा, याची चिंता मी आता सोडली आहे. पाऊल कुठे पडते तेवढे पाहायचे.

खरी काळजी पुढेच आहे. शर्यतीला सात आठवडे उरले आहेत: ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. पोहण्याची आणि सायकलची मला धास्ती नाही, पण सायकलवरून उतरल्यावर पाय परक्याचे वाटतात. तासभर वाकून बसल्याने कंबरेपुढचे स्नायू आखडलेले असतात, मांडी मागे जात नाही, आणि मग ती उणीव भरून काढायला मी पाऊल पुढे फेकते. ताजेतवाने असताना जमलेली चाल दमल्यावर मोडणार असेल, तर आता बदल करणे शहाणपणाचे आहे का? की ही शर्यत जुन्या चालीनेच पुरी करावी आणि गुडघ्याला तोवर सांभाळावे? रात्री झोपताना हेच डोक्यात फिरत राहते.

तूर्त मी एवढे करते, की आठवड्यातून एकदा सायकलनंतर दहाच मिनिटे धावते, सायकलच्या शेवटच्या पाच मिनिटांत हलका गिअर लावून पाय भरभर फिरवते आणि उतरल्यावर पहिल्या दोनशे पावलांत फक्त आवाज ऐकते. इथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही आणि छातीचे ठोके उगाच चढतात, म्हणून घड्याळ न पाहता धाकटीशी बोलता येईल एवढाच वेग ठेवते. झुकायचे ते घोट्यातून, कंबरेतून नाही, हे सरांनी पाठलाग शिकवताना तुला किती वेळा सांगितले होते. तू खांबाला वळसा घालताना कशी झुकायचीस ते आठवून पाहते. सरांनी तुझी निवड केली म्हणून मी तुझ्याशी महिनाभर अबोला धरला होता, तेही आज आठवले. निवड बरोबर होती.

तुझी बदली झाली का? बाळ्याचा दहावीचा अभ्यास कसा चालला आहे? नव्या घराचे फोटो पाठव.

चित्रण धाकटी तुला पाठवील. सातव्या सेकंदाला थांबवून उजवे पाऊल नीट पाहा, आणि सात आठवडे पुरतील की नाही ते मला स्पष्ट कळव.

तुझी,
विजू